जुनं एन्क्रिप्शन आणि सोनाळ्याचं हवामान

मी बुलढाणा जिल्ह्यातल्या धाड गावी बसून पुण्याची नोकरी करते, हे आमच्या गल्लीत अजून कोणाला नीट पटलेलं नाही. सकाळी नऊला मी वरच्या खोलीत जाते, दार लावते आणि संध्याकाळी खाली येते. शेजारच्या काकूंनी एकदा आईला विचारलं होतं, "पोरगी दिवसभर वर करते काय वो? तब्येत बरी हाये ना?" आईनं सांगितलं, "ते हवामान पाहते." काकू अंगणात जाऊन आभाळाकडे बघून आल्या आणि म्हणाल्या, "मंग खिडकी तरी उघडी ठेवत जा म्हना तिले."

आईचं सांगणं अगदीच चूक नव्हतं. आमची कंपनी लहान आहे. भाजीपाला करणाऱ्या शेतकऱ्यांना आम्ही त्यांच्या त्यांच्या भागाचं हवामान कळवतो. उद्या धुकं पडेल का, वारा किती राहील, फवारणी आज उरकावी की दोन दिवस थांबावं. हा सगळा हिशेब करणारे कॉम्प्युटर मात्र आमचे नाहीत. ते एका मोठ्या कंपनीच्या इमारतीत कुठेतरी लांब आहेत आणि आम्ही ते भाड्यानं वापरतो. त्यालाच क्लाऊड म्हणतात. बाबांना मी हे पहिल्यांदा समजावून सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हंजे ढगाची खबर ढगातच ठेवता तुम्ही. बराय."

दिवाळी उरकली आणि त्या मोठ्या कंपनीकडून पत्र आलं. दोन कॉम्प्युटर एकमेकांशी बोलायला लागतात तेव्हा आधी ते एक गोष्ट ठरवून घेतात. आपलं बोलणं मधल्या कोणाला वाचता येऊ नये म्हणून ते कोणत्या पद्धतीनं झाकायचं? या झाकण्याला एन्क्रिप्शन म्हणतात आणि त्याच्या नियमांना प्रोटोकॉल. त्याच्या आवृत्त्या निघत असतात. जुन्या दोन आवृत्त्यांना भोकं पडलेली आहेत हे सगळ्यांना माहीत होतं, पण चाललं होतं. आता पत्रात तारीख दिली होती. त्या दिवसापासून जुन्या आवृत्त्या कायमच्या बंद. ज्याला नवी पद्धत येत नाही त्याला क्लाऊड दारातूनच परत पाठवणार.

त्या दिवशीच्या मीटिंगमध्ये आमच्या टीमच्या मॅडमनी विचारलं, "आपल्याकडे अजून जुन्या पद्धतीनं कोण कोण येतं, कोणाला माहीत आहे?" स्क्रीनवरच्या चौकटींत सगळ्यांनी नकारार्थी माना हलवल्या. मी माइक चालू केला आणि म्हटलं, "म्हणजे हे आपण कधी मोजलंच नाही का?" जो विचारतो त्याच्याच गळ्यात काम पडतं, हे इतक्या वर्षांच्या नोकरीत मला कळायला हवं होतं. दोन मिनिटांत ते काम माझ्या नावावर लागलं.

दुपारी जेवताना मी बाबांपाशी कुरकुर केली. बाबा एसटीत ड्रायव्हर होते. घाटावर धाड, चिखली, देऊळगाव आणि घाटाखाली थेट सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत त्यांनी जिल्हा पालथा घातलेला. त्यांनी भाकरी मोडता मोडता सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे जुनी गाडी कंडम काढनार," ते म्हणाले.

"हो. तसंच."

"मंग तू काय करून राह्यली?"

"पत्रासोबत पन्नास पानांची माहिती आली आहे, ती वाचतेय."

"अवो, वाचतं काय? पहिले पाहा, त्या गाडीत कोनी बसेल हाये काय. मंग चावी काढ."

मी ती पन्नास पानं खरंच बाजूला ठेवली. दुपारी आधी एवढंच केलं की आमच्या दाराशी येणारी प्रत्येक विनंती कोणत्या आवृत्तीनं आली, त्याची नोंद व्हायला लावली. क्लाऊडमध्ये अशा नोंदवहीला लॉग म्हणतात. आठवड्यानं ती वही उघडली तर जुन्या पद्धतीनं येणाऱ्यांची यादी दोन पानं भरली होती.

त्यातला सगळ्यात मोठा गुन्हेगार पुण्यात आमच्याच ऑफिसात निघाला. आल्यागेल्याला दिसावं म्हणून दारातल्या भिंतीवर एक टीव्ही लावलेला आहे, त्यावर हवामानाचा नकाशा फिरत असतो. तो टीव्ही दर मिनिटाला जुन्या पद्धतीनं क्लाऊडला हाक मारत होता. दुसरा गुन्हेगार शोधायला मला दीड दिवस लागला. कोणता तरी प्रोग्रॅम दर तासाला येऊन 'चालू आहे का?' एवढंच विचारून जात होता. माग काढत काढत गेले तर तो मीच नोकरीच्या पहिल्या वर्षी लिहिलेला निघाला. लिहून, चालू करून, साफ विसरून गेले होते. मीटिंगमध्ये हे सांगताना माझे कान गरम झाले. पण मॅडम इतक्या हसल्या की पाठोपाठ दोघांनी आपापले असेच विसरलेले प्रोग्रॅम कबूल करून टाकले.

मग एकेक नाव खोडायला लागले. बियाण्यांच्या दुकानांसाठी आमचं हवामान घेणारी एक संस्था होती. तिथल्या प्रोग्रॅमरनं पंधरा दिवस 'उद्या करतो' म्हणून घालवले आणि सोळाव्या दिवशी अर्ध्या तासात करून दिलं. काही शेतकऱ्यांचे फोन इतके जुने होते की त्यांना नवी पद्धत येणंच शक्य नव्हतं. त्यांना साध्या मेसेजनं हवामान पाठवायची सोय केली. महिनाभरात दोन पानांची यादी एका ओळीवर आली.

ती ओळ काही केल्या हलेना. रोज पहाटे साडेपाचला एकदा आणि संध्याकाळी पाचला एकदा कोणीतरी येई. फक्त सोनाळा भागाचं हवामान मागे, घेऊन जाई. कधी जास्त काही मागितलं नाही, कधी एक दिवस चुकवला नाही. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला एक परवाना दिलेला असतो. याचा परवाना कंपनीच्या अगदी सुरुवातीच्या काळातला होता आणि नावाच्या जागी कोणीतरी नुसतं 'चाचणी' असं लिहून ठेवलं होतं. ना फोन, ना पत्ता.

"आपल्यातल्याच कोणाचा तरी विसरलेला प्रोग्रॅम," पुण्याचा एक सहकारी म्हणाला. "बंद करून टाक."

माझा स्वतःचा अनुभव ताजा होता, त्यामुळे मलाही ते पटलं. तरी एकदम बंद करण्याऐवजी आम्ही एक चाचणी घ्यायचं ठरवलं. खरी तारीख यायला अजून तीन आठवडे होते. त्याआधी एक दिवस, सकाळी नऊपासून दुसऱ्या सकाळी नऊपर्यंत, जुनी पद्धत आपणच बंद ठेवून पाहायची. "ज्याचं अडेल तो ओरडेल," मॅडम म्हणाल्या.

त्या दिवशी मी नऊला जुन्या पद्धतीचं दार बंद केलं आणि ओरडा ऐकायला कान टवकारून बसले. दुपार झाली, काही नाही. संध्याकाळी पाचला ती ओळ आली आणि दारातून परत गेली. तरी कोणाचा फोन नाही, तक्रार नाही. सहा वाजता मी मॅडमना लिहून पाठवलं, 'कोणीही ओरडलं नाही. तो वापर कोणाचाच नसावा.' आणि खाली जाऊन निवांत चहा प्यायले.

ओरडा दुसऱ्या दिवशी सकाळी आला. आमच्या मदतीच्या फोनवर बसणारी पुण्याची मुलगी घाईघाईनं म्हणाली, "ताई, एका बाईंचा फोन आहे. खूप रागावल्या आहेत. मला त्यातला 'हवामान' एवढा एकच शब्द कळला. तुम्हाला देऊ का?"

मी घसा साफ केला आणि माझ्या पुण्याच्या आवाजात म्हटलं, "नमस्कार, मी हवामान सेवेतून बोलत आहे. आपली काय अडचण आहे?"

"अडचन? अवो बाई, काल सांजपासून भोंगा मुका हाये! आज सकायीबी बोलला नाही. भोंग्यानं काही सांगतलं नाही म्हनून मी काल सांजच्या पारी फवारनी केली, आन रातच्यानं आलं पानी. सारी धुऊन गेली! काऊन बंद केलं तुम्ही?"

"कोणता भोंगा?"

"आमच्या विहाराचा! अजून कोनता?"

पुण्याचा आवाज कुठल्या कुठे गेला. "काकू, थांबा थोडं. मले नीट सांगा. भोंग्यावर कोन सांगते हवामान?"

"तुम्ही कुठच्या वो?"

"धाडची."

"मंग पहिलेच सांगाचं ना बाप्पा! मी केव्हाची सुद्ध-सुद्ध बोलून राह्यली!"

मग त्यांनी सगळं सांगितलं. सोनाळ्यात एक निवृत्त गुरुजी राहतात, बुद्धविहाराला लागून घर. त्यांच्या घरचा कॉम्प्युटर रोज दोनदा हवामान घेतो, कागदावर छापतो आणि गुरुजी ते विहाराच्या भोंग्यावरून वाचून दाखवतात. सगळ्या आळीआळीला ते ऐकू जातं. वाऱ्याची दिशा बरी असली तर शिवारापर्यंत. फूलकोबी कधी काढायची, मिरची वाळत घालायची की नाही, ओलिताला कधी जायचं, हे लोक त्यावर ठरवतात. आमचा फोन नंबर बाईंना एका बियाण्याच्या दुकानातल्या भिंतीवरच्या कागदावर सापडला होता.

मी लॉगमध्ये जिला एक ओळ म्हणत होते, ती एवढी होती. नऊ वाजायला अजून काही मिनिटं होती, पण मी थांबले नाही. दार लगेच उघडलं. मॅडमना फोन करून काल लिहिलेलं परत घेतलं. कोणाची तरी फवारणी माझ्यामुळे वाहून गेली, हेही सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "चाचणी यासाठीच होती. आता पुढचं बघ. तीन आठवड्यांनी दार आपल्या हातात राहणार नाही."

दुपारी गुरुजींशी बोलले. आवाज असा की फोन कानापासून हातभर लांब धरला तरी चालावं. प्रोग्रॅम त्यांनी स्वतः लिहिला होता, निवृत्त झाल्यावर, पुस्तकावरून शिकून. परवाना त्यांना आमच्या कंपनीच्या कोणीतरी एका कृषी प्रदर्शनात 'वापरून बघा' म्हणून दिला होता. मी फोनवर दुरुस्ती सांगायला सुरुवात केली तर त्यांनी मला मधेच थांबवलं. "बाळ, मला ऐकायला कमी येतं. आणि मी न समजलेली गोष्ट करत नाही. येऊन दाखव."

मॅडमना विचारलं तर त्या आनंदानं म्हणाल्या, "जा की! तू बुलढाणा जिल्ह्यातच आहेस ना? म्हणजे जवळच."

धाड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला आणि सोनाळा उत्तर टोकाला, सातपुड्याखाली. मधे अख्खा जिल्हा. मी म्हटलं, "हो मॅडम, जवळच आहे."

बाबा न विचारताच तयार झाले. "तुले सोनाळ्याचा रस्ता माहीत हाये काय? शेगावहून वरवट बकालची गाडी चुकली का बसली तू." आदल्या दिवशी मी एक वस्तू शोधून बॅगेत टाकली होती. पत्त्यांच्या जोडाएवढा एक छोटा कॉम्प्युटर, नुसती हिरवी पट्टी आणि त्यावर चार खाचा. मे महिन्यात आमची गच्ची किती तापते हे मोजायला मी तो लावला होता आणि नंतर कपाटात टाकून दिला होता. गुरुजींचा कॉम्प्युटर किती जुना आहे याचा फोनवर आलेला अंदाज पाहता, हाच उपयोगी पडेल असं मला वाटत होतं.

पहाटे निघालो. मार्गशीर्षातली थंडी. बुलढाण्याला गाडी बदलली आणि बोथ्याच्या घाटाला लागलो. बाबा पुढच्या बाकावर बसले होते. प्रत्येक वळणाला त्यांचा उजवा पाय आपोआप खाली दाबला जाई, नसलेल्या ब्रेकवर. ड्रायव्हरनं आरशातून ते पाहिलं. घाट उतरल्यावर तो म्हणाला, "काका, किती वर्सं चालवली?" मग खामगाव येईपर्यंत दोघांचं जे सुरू झालं त्यात मला कोणी विचारलं नाही. शेगावला वरवट बकालची गाडी मिळाली. वरवटला गरम भजी खाल्ली आणि सोनाळ्याला जीपनं गेलो. मी मागे, दोन मेथीच्या गाठोड्यांच्या मधे.

गुरुजी अंगणातच उभे होते. उंच, ताठ, अंगात हातानं विणलेला स्वेटर. बाबांनी बाहेरूनच जय भीम घातला. त्यांनी दणक्यात उत्तर दिलं आणि मला म्हणाले, "ये. रुग्ण आत आहे." खोलीत एका टेबलावर कॉम्प्युटर होता, त्याच्यावर भरतकाम केलेला उशीचा अभ्रा घातलेला. शेजारी एक प्रिंटर, शाईच्या फितीवर सुया आपटून कर्कश छापतो तसला. आणि खाटेवर, मांडीवर फूलकोबीचे दोन गड्डे घेऊन, फोनवाल्या बाई.

"तुम्हीच काय त्या धाडवाल्या?" त्यांनी मला खालीवर पाहिलं. "मले वाटलं मोठ्या असान."

"काकू, तुमच्या फवारनीचं लय वाईट वाटलं मले."

"गेली ते गेली. आता पुन्हा मुका नोका करू, एवढंच पाहा."

मी कॉम्प्युटरसमोर बसले. पाच मिनिटांत कळलं की त्याला नवी पद्धत शिकवणं शक्य नाही. त्याच्या पोटातली मुख्य व्यवस्थाच फार जुनी होती. ती बदलायची म्हटलं तर हा प्रिंटर तिच्याशी बोलणार नव्हता. "मग नवा प्रिंटर?" मी विचारलं. गुरुजींनी एक छापलेला कागद माझ्यापुढे धरला. बोटभर उंचीची अक्षरं, प्रत्येक टिंबाटिंबानं काढलेलं. "माझी नजर आता याच अक्षराला सरावली आहे," ते म्हणाले. "प्रोग्रॅम बदलू, प्रिंटर नाही."

मग मी माझी हिरवी पट्टी काढली आणि बेत सांगितला. हिला मधे बसवायचं. ही क्लाऊडशी नव्या पद्धतीनं बोलेल, आणलेलं हवामान तुमच्या कॉम्प्युटरला त्याच्या जुन्या पद्धतीनं देईल.

गुरुजींनी डोळे बारीक केले. "म्हणजे माझ्या कॉम्प्युटरपासून या पट्टीपर्यंत जुनंच. भोक तिथं राहिलंच की."

पुण्याच्या मीटिंगमध्येही हा प्रश्न मला कोणी इतक्या नेमकेपणानं विचारला नव्हता. "राहिलं," मी म्हटलं. "पण ते या हातभर वायरीत, या टेबलावर. घराबाहेर जे जाईल ते सगळं नव्या पद्धतीनं."

त्यांनी वायर हातात घेऊन तिची लांबी पाहिली. "चालेल. मात्र प्रोग्रॅममधला बदल मी करणार. तू सांग."

ते दोन बोटांनी टाइप करत होते, प्रत्येक अक्षर दाबण्याआधी त्याचा उच्चार करून. त्यांचा प्रोग्रॅम मी पहिल्यांदा नीट वाचला. जागोजागी मराठीत टिपा होत्या. 'येथे मुलांकडून चूक होते' अशी एक टीप होती. मुलं कोणती, असं मी विचारलं. "सवय," ते म्हणाले. सदतीस ओळींपैकी बदलायच्या दोनच होत्या, पण त्या दोन ओळी म्हणजे काय हे त्यांना पूर्ण समजेपर्यंत दोन चहा झाले. बाबा आणि बाई अंगणात उन्हाला बसून सोनाळ्याच्या मुक्कामी गाडीच्या गप्पा मारत होते. बाबा ती गाडी चालवायचे आणि रात्री इथेच गाडीत झोपायचे. बाईंना ती गाडी आठवत होती, बाबा काही आठवत नव्हते.

चार वाजता आम्ही पहिल्यांदा चालवून पाहिलं. प्रिंटर कडकडला, बाहेरचे दोघं धावत आत आले. कागदावर हवामान नव्हतं, इंग्रजीत चूक छापून आली होती. गुरुजींनी ती वर्गात धडा वाचावा तशी खणखणीत वाचली. मी जोडण्या तपासल्या, पुन्हा चालवलं. तीच चूक. पट्टी बंद करून चालू केली. तीच. पुण्याला फोन लावला तर सहकारी म्हणाला, इकडून सगळं बरोबर दिसतंय. साडेचार झाले. जुनं दार अजून उघडं असल्यानं आम्ही मागचंच परत लावून पाचला भोंगा बोलता ठेवू शकत होतो, पण मग मी आलेच कशाला?

बाईंनी तिसरा कागद उचलला आणि खिडकीशी धरला. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण वरचे आकडे त्या बोट ठेवून वाचत होत्या.

"मॅडम, हे वर तारीख हाये ना?"

"हो."

"मंग हे पाचवा महिना काऊन दाखवून राह्यलं? इथं तं उन्हाळाच चालू हाये अजून!"

मी कागद पाहिला आणि कपाळावर हात मारला. नव्या पद्धतीत पट्टी आधी समोरच्याचं ओळखपत्र तपासते, ते कोणत्या तारखेपासून चालतं हेही पाहते. आमच्या क्लाऊडचं ओळखपत्र दिवाळीनंतरचं. आणि ही पट्टी मे महिन्यात झोपली ती तिथंच जागी झाली होती. तिच्या लेखी ते ओळखपत्र अजून जन्मायचं होतं, म्हणून ती इमानदारीनं नाही म्हणत होती. नेटवरून आपोआप वेळ लावून घ्यायची सोय असते, पण गच्चीवर नेट पोचत नाही म्हणून ती मीच उन्हाळ्यात बंद करून ठेवली होती. मी हे सांगितल्यावर पहिल्यांदा गुरुजी हसले, मग बाबा, मग मी इतकी हसले की मला खुर्चीला धरावं लागलं.

तारीख लावली. आपोआप वेळ लावायची सोय चालू केली. गुरुजींनी बटण दाबलं. प्रिंटर कडकडला आणि बोटभर अक्षरांत 'सोनाळा' उमटायला लागलं. पाचला सहा मिनिटं कमी होती.

विहारात भोंग्याचा माइक एका लाकडी कपाटात होता. गुरुजींनी तो चालू केला, फुंकर मारली आणि वाचलं. "उद्या पहाटे दाट धुकं. वारा मंद. दुपारनंतर आभाळ निरभ्र. फवारणी उद्या दुपारी करावी." मग पुढे म्हणाले, "परवा संध्याकाळी आणि काल सकाळी भोंगा का बोलला नाही, ते धाडहून आलेल्या मॅडम सांगतील." आणि त्यांनी माइक माझ्या हातात दिला.

मला कल्पनाच नव्हती. "नमस्कार," मी म्हटलं. "तांत्रिक कारणास्तव आपली सेवा…" बाई माझ्या शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी कोपर मारलं. "अवो, आपल्या बोलीत सांगा ना."

कॉलेजला पुण्यात गेले तेव्हा पहिल्याच आठवड्यात माझ्या 'मले' आणि 'तुले'वर वर्ग हसला होता. तेव्हापासून कामाच्या ठिकाणी मी ते कधी तोंडातून जाऊ दिलं नव्हतं. आता भोंग्यातून माझाच आवाज शिवारावर जात होता. "भाऊ-बहिनींनो," मी म्हटलं, "चूक आमची व्हती. आम्हाले वाटलं हे हवामान कोनी ऐकतच नाही. म्हनून आम्ही न विचारता बंद केलं. आता नवीन बसवलं हाये. गुर्जींनी सोता बसवलं. याच्या पुढं बंद कराचं असलं तं पहिले तुम्हाले विचारू."

बाहेर, कुठल्या तरी घराच्या धाब्यावरून एक बाप्या माणूस खच्चून ओरडला, "हाव!" आणि मग चार-पाच ठिकाणांहून हसण्याचे आवाज आले.

परतीची गाडी निघून गेली होती. बाईंनी आम्हाला घरी नेलं. ज्वारीच्या भाकरी, वांग्याचं भरीत, हिरव्या मिरचीचा ठेचा. बाबांना ठेचा तिखट लागला आणि त्यांनी ते शेवटपर्यंत कबूल केलं नाही. सकाळी साडेपाचला आम्ही त्यांच्या अंगणात शेकोटीशी उभे होतो. इतकं धुकं होतं की समोरचा गोठा दिसत नव्हता. त्या धुक्यातून गुरुजींचा आवाज आला, "आज पहाटे दाट धुकं."

"ते तं दिसूनच राह्यलं गुर्जी," बाई शेकोटीत काडी सारत म्हणाल्या, आणि पुढचं नीट ऐकायला गप्प झाल्या.

ठरलेल्या तारखेला मी सकाळपासून लॉग उघडून बसले. जुन्या पद्धतीच्या रकान्यात शून्य. साडेपाचची सोनाळ्याची विनंती नव्या रकान्यात, गुपचूप, बाकीच्यांसारखीच. पुण्यात कोणीतरी पेढे वाटले म्हणे, मला त्याचा फोटो मिळाला. परवाना मागायच्या फॉर्ममध्ये मॅडमनी एक नवा प्रश्न घातला आहे, 'ही माहिती तुमच्याशिवाय आणखी कोण ऐकतं?' मदतीच्या फोनवर वऱ्हाडी ऐकू आली की ते आता थेट माझ्याकडे येतात आणि मी थेट वऱ्हाडीत बोलते. मीटिंग चालू असताना असा फोन आला तर स्क्रीनवरच्या बाकीच्या चौकटी कुतूहलानं ऐकत असतात.

सोनाळ्याच्या बाईंचा फोन आठवड्यातून एकदा तरी येतोच. हवामानाचा अंदाज बांधणं हे माझं काम नाही, ते दुसरी टीम करते, हे मी त्यांना चारदा सांगितलं आहे. त्या ऐकून घेतात आणि तक्रार मलाच करतात. मी ती पुण्याच्या भाषेत लिहून त्या टीमला पाठवते. गेल्या आठवड्यात मी पाठवलं, 'सोनाळा: थंडीचा अंदाज होता, प्रत्यक्षात दुपारी ऊन जाणवले.' बाईंचे मूळ शब्द होते, "थंडी सांगतली व्हती तुम्ही, म्हनून मी दोन सुटर घालून वावरात गेली. भर दुपारी लोकं पाहून राह्यले मले!"